पहिल्या घावाचा माळ

समोरच्या माळावर ओंडका पडलाय ना, त्याच्याजवळ जाऊन बघा, घावच घाव दिसतील. आमच्या धामणवाडीत कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला की पहिला घाव तिथे घालायचा. आणि ज्याने दांडा बसवला, त्याने पाच पावलांवर पात्यासमोर उभं राहायचं. पाहुण्यांना हे वेडेपणाचं वाटतं.

असं सांगतात की फार पूर्वी वरच्या गडाचा दरवाजा जळाला. आठ दिवसांत साग पाडून द्या, असा गावाला हुकूम आला. जो तो कुऱ्हाड घेऊन गोंदजी सुताराकडे धावला. गोंदजीचा हात चांगला होता, पण वाळलेलं लाकूड संपलेलं. त्याने रानातून धामणीच्या झाडाचं ओलं लाकूड आणलं, दांडे तासले, पाचरी ठोकल्या. ओलं लाकूड वाळताना आकसतं, पात्याच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, सैल होतं, हे त्याला ठाऊक होतं. बोलला मात्र नाही.

सहाव्या दिवशी सयाजी नावाच्या तरण्या गड्याने कुऱ्हाड उगारली आणि पातं दांड्यातून सुटलं. समोर त्याचा थोरला भाऊ लिंबाजी दोर धरून उभा होता. पातं त्याच्या छातीत बसलं. लिंबाजी जागीच गेला.

दोघा भावांचा बांधावरून वाद होता. सयाजीने मुद्दाम पाचर काढली, असं लोक बोलू लागले. तो शपथा घेत राहिला. गोंदजी पंचांच्या मागच्या रांगेत बसून सगळं ऐकत होता. रिकामा दांडा त्याने हातात घेऊन पाहिला होता. टोकाशी तो आकसला होता, नेढ्यात नखाएवढी फट पडली असती. तरी त्याची जीभ उचलली नाही. पंचांनी सयाजीला गावाबाहेर काढलं. तो घाट उतरून गेला, तो कुणाला पुन्हा दिसला नाही.

गोंदजीला अन्न जाईना. महिन्याभराने तो लिंबाजीच्या दारात जाऊन उभा राहिला. लिंबाजीची बायको ठकी जोंधळा पाखडत होती.

"दांडा ओला होता," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

ठकीने सूप खाली ठेवलं.  मग म्हणाली, "हे तू महिन्यापूर्वी बोलला असतास, तर माझा दीर तरी घरात असता."

गोंदजीने पंचांपुढेही तेच कबूल केलं. दंड काय घ्यावा, असं पंचांनी तिलाच विचारलं. तिने दंड नको म्हटलं. त्याने एक नीट दांडा करावा, पहिला घाव मी घालीन आणि त्याने समोर उभं राहावं, एवढंच ती म्हणाली.

गोंदजीने घाई केली नाही. पानगळीत, झाडातला रस उतरल्यावर, सरळ रेघेची धामण तोडली. करवत न लावता ती उभी फाडली. वर्षभर सावलीत, चुलीच्या धुरावर टांगली. मग तासली, जवसाचं तेल मुरेपर्यंत चोळलं, खैराची पाचर मारली.

ठकीने या माळावर घाव घातला. एक नाही, ओंडका दुभंगेपर्यंत घातले. दर घावाला गोंदजी डोळे उघडे ठेवून उभा होता. पातं हललं नाही. ठकी कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरी गेली. गावाने घाटाखाली माणसं पाठवून सयाजीचा शोध घेतला, पण तो लागला नाही.

ठकी पुढे जन्मभर गोंदजीशी बोलली नाही, असं सांगतात. फक्त खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती कुऱ्हाड त्याच्या ओट्यावर ठेवून जाई. तो दांड्याला तेल चोळून, पाचर तपासून ती तिच्या दाराशी ठेवून येई. तो दांडा तिच्या नातवापर्यंत टिकला.

आजही त्या दिवशी सुताराच्या ओट्यावर गावातल्या कुऱ्हाडी येऊन पडतात. ठेवणारा बोलत नाही, घेणाराही बोलत नाही. आणि कोणी नवा दांडा मागायला आला, की सुतार आधी, न विचारता, लाकूड कधी तोडलं ते सांगतो.