सासऱ्याचं खळं

उतार चढताना मध्येच ही गोल सपाटी लागली ना पाहुणे, हिला आमच्या ठाकरवाडीत सासऱ्याचं खळं म्हणतात. धान्य मळायचं खळं सुगीला करतात, हे जगाला ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र ते फाल्गुनात होतं, पेरणीच्याही आधी. हसू नका, त्याला कारण आहे.

पूर्वी हा सगळा डोंगर दळीचा होता, असं सांगतात. दळी म्हणजे थंडीत झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाळल्या की तिथेच जाळायच्या आणि पावसाळ्यात त्या राखेत नाचणी पेरायची. तीन-चार वर्षांनी ती जागा रानाला परत द्यायची आणि आपण पुढे सरकायचं. इथली दळी वाळकू नावाच्या म्हाताऱ्याची. माणूस कष्टाळू, पण तोंडाने फटकळ. त्याची सून बुधी. एका सुगीला खळं तयार नव्हतं म्हणून कापलेली नाचणी अवकाळी पावसात कुजली. बुधीने ते फार मनाला लावून घेतलं. पुढच्या फाल्गुनात तिने तोडलेल्या फांद्या बाजूला ओढल्या, उताराच्या मधोमध जमीन खणून सपाट केली आणि शेणाने सारवली.

वाळकू म्हणाला, "पेरायचा पत्ता नाय आन् हिचं खळं तयार! पावसात वाहून जाईल समदं."

बुधी तडक निघून गेली. सून रुसून माहेरी गेली, असं म्हाताऱ्याला वाटलं. त्याने एक हाकसुद्धा मारली नाही आणि उताराच्या पायथ्याशी जाळ लावला. तेवढ्यात त्याचा मुलगा पदू पाण्याचा हंडा घेऊन आला.

"आवं बा, बुधी वर हाय! खळं झाडाया गेलीया!"

वाळलेल्या फांद्यांतून जाळ वर धावत सुटला होता. बापलेक ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत राहिले, पण वर जायला वाट मिळेना. वाळकूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने म्हणे डोंगरदेवाला हात जोडले, "माझी सून वाचव. पुढल्या जाळाला मी त्या खळ्यात बसंन."

जाळ ओसरल्यावर दोघं तापलेल्या राखेतून वर गेले. बुधी खळ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. जाळाला तिथे खायला काडीही मिळाली नव्हती, तो दोन्ही बाजूंनी निघून गेला होता. तिच्या भुवया करपल्या होत्या, बाकी पोर धडधाकट.

"मामा, आता तरी ऱ्हाऊ द्याल ना माझं खळं?" ती खोकत म्हणाली.

म्हातारा हमसून हमसून रडला. इथपर्यंत आलं की दर खेपेला माझा जीव भांड्यात पडतो, इतक्यांदा सांगूनही.

वाळकूने नवस फेडला, आणि तीच चाल पडली. आता दळीचे थोडेच तुकडे उरलेत. पण आजही जाळाच्या आधी घरचा सासरा खळ्यात जाऊन बसतो आणि काडी सून ओढते. मी चार वेळा बसलोय. माझी सून गुणाची आहे, तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तरी फाल्गुन आला की खळं आपलं हातभर वाढवूनच घेतो.