सात कुबडांचं जनावर

एका तळ्याकाठच्या गावात एक दवंडीवाला राहत होता. हलगी त्याला बापाकडून मिळाली होती आणि रीतही बापाचीच: खात्री केल्याशिवाय हलगीला काठी लावायची नाही. त्यासाठी तो ज्याला त्याला खोदून खोदून विचारी, त्यामुळे गाव त्याला भांडखोर म्हणे.

एके सकाळी पाटलांनी त्याला बोलावलं. तळ्यात सात कुबडांचं, उंच मानेचं जनावर आलंय, कुणीही पाण्यात उतरू नये, अशी दवंडी पिट म्हणाले.

"कुणी पाहिलं, पाटील?"

"अख्ख्या गावानं. तुलाच तेवढं दिसलं नाही."

दवंडीवाल्याला म्हातारी भोईण आठवली. तळ्यातल्या शिंगाड्यांवर तिचं वर्षभराचं पोट होतं. शिंगाडे पिकले होते; चार दिवसांत तोडले नाहीत तर देठ सोडून चिखलात जाणार. दवंडी पिटली की म्हातारीची चूल विझली.

हलगी काखेत मारून तो चौकशीला निघाला. कुंभाराने जनावराच्या डोळ्यांतला जाळ रंगवून सांगितला, पण तो पाहिला होता म्हणे तेल्याने. तेल्याने डरकाळी सांगितली, पण ती ऐकली होती म्हणे परटिणीने. परटीण म्हणाली, "जाळ नाही की डरकाळी नाही, भाऊ. धुक्यात सात काळी कुबडं आणि पुढे मान, एवढंच पाहिलं. हसायचं तर हस."

तो हसला नाही. जनावर वाऱ्याबरोबर जात होतं की वाऱ्याच्या उलट, एवढंच त्याने विचारलं.

ती आठवून म्हणाली, "वाऱ्याबरोबर. वारा पडला की थांबायचं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो परटिणीला आणि भोईणीला घेऊन बांधावर जाऊन बसला. थोड्या वेळाने धुक्यातून कुबडं आली. एक, दोन, करत सात. पुढची मान वळून वळून बघत होती. दवंडीवाल्याला पळावंसं वाटलं. तरी तो जागचा हलला नाही.

ऊन चढलं, धुकं विरलं. तशी त्या मानेला पंख फुटले. तिने ते सावकाश वाळवले आणि ती उडून गेली. पुढच्या कुबडावर बसलेला पाणकावळा होता.

भोईण गुडघाभर पाण्यात शिरली. "अगं बाई, हे तर माझेच भोपळे," ती म्हणाली. शिंगाडे तोडायला पोहत जाताना अंगाशी बांधायची तिची सुक्या भोपळ्यांची माळ गेल्या पुरात वाहून गेली होती. शेवाळाने काळी पडली होती, एवढंच. तेव्हापासून म्हातारी उसन्या भोपळ्यावर तरंगत होती.

पाटील म्हणाले, झालं ते झालं, आता दवंडी नको, गावाचं हसं होईल.

"पाटील, जनावर आलं हे ओरडून सांगायचं आणि भोपळे निघाले हे कानात, ही माझ्या बापाची रीत नाही."

दुपारी गावभर हलगी वाजली. परटिणीने पाहिलं ते खरं होतं, बाकीच्यांनी न पाहताच सांगितलं, हेही त्याने चौकाचौकात थांबून सांगितलं. तेली दुकानाचं दार ओढून घेऊन आत बसला.

संध्याकाळी भोईणीने शिंगाड्यांची पहिली टोपली परटिणीच्या दारात ठेवली.

तात्पर्य: ज्याने पाहिलं त्याला हसू नये, आणि ज्याने नुसतं ऐकलं त्याच्या शब्दावर तळं बंद करू नये. धुकं विरेपर्यंत बसायची तयारी हवी.