कुंभारणीच्या घरातल्या पाच अळ्या

सूर्य उगवून बरोबर चार घटका झाल्या होत्या, तेव्हा दवंडी ऐकू आली आणि वेणुकाचं पीठ परातीत तसंच राहिलं.

पूर्वी शालनगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लहान मुलांचे गुरुजी होऊन जन्मले होते, त्या वेळची ही गोष्ट. दवंडी अशी, की आठव्या दिवशी सात मुलं मातीने लिंपलेल्या खोलीत कोंडायची. पुरोहित बाहेर बसून एकवीस दिवस मंत्र म्हणणार, मुलं पंडित होऊन निघणार. पुरोहिताने राजाला दाखला दिला होता कुंभारीण माशीचा. ती मातीचं मडकं करते, हिरवी अळी आत कोंडते, बाहेर गुणगुणते, आणि ते ऐकून अळीचीच कुंभारीण होते. सगळं नगर हे पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेलं.

पहिलं नाव वेणुकाच्या चंपाचं. पाच वर्षांची पोर. कोंदट जागी तिचा श्वास अडकायचा. वेणुका तशीच पिठाच्या हाताने पाठशाळेत धावली.

"गुरुजी, खरंच असं होतं का हो?"

"ठाऊक नाही, बाई. मी कधी पाहिलं नाही. पाहू या."

पाठशाळेच्या कुडावर कुंभारीण नुकतंच मडकं बंद करून गेली होती. गुरुजींनी काट्याने त्याला भोक पाडलं आणि वर अभ्रकाचा आरपार दिसणारा तुकडा बसवला. मुलं एकेक करून वाकली.

"मेल्यात सगळ्या!" भद्दिल नावाचा मुलगा म्हणाला.

"मेल्यात, की पडून आहेत? नीट बघ."

"एक हलली. पाच आहेत. आणि वर दोऱ्याला पांढरा दाणा लटकलाय."

गुरुजींनी कोळशाने कुडावर पाच रेघा ओढल्या.

वेणुका दिवसातून तीनदा यायची. "पोर कोंडायला निघालेत, आणि तुम्ही माशा बघताय!" असं बोलायची, आणि स्वतःच वाकून बघायची.

तिसऱ्या दिवशी भद्दिल ओरडला, "झाली! अळी पांढरी झाली!"

"हिरव्या मोज."

"...पाच."

"मग पांढरी कुठली?"

भद्दिलने पुन्हा भोकाला डोळा लावला. आईबरोबर आलेली चंपा म्हणाली, "दाणा नाहीये आता. अंडंच होतं ते, त्यातून निघाली ही."

पाचव्या दिवशी हिरव्या तीन उरल्या. सातव्या दिवशी नुसती सालं, आणि मधोमध एक लठ्ठ पांढरा किडा. चंपा रडायला लागली. "आई, ह्याने खाल्लं त्यांना."

त्याच दुपारी पुरोहित गुरुजींकडे आला. "अळीला पंख फुटले एवढंच सांग. बारा गावं तुझी."

गुरुजी म्हणाले, "मी सांगेनही. पण मुलांनी पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांतलं ते कसं पुसू?"

आणि ते मुलांना घेऊन राजाकडे गेले. चंपाने सगळं सांगितलं. पुरोहित हसला, "ह्या शेंबडीचं ऐकणार, महाराज?" राजा उठून पाठशाळेत आला, वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला. मग म्हणाला, "ती खोली पाडा." वेणुकाने चंपाला उचललं ते घरी पोचेपर्यंत खाली ठेवलं नाही.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सुदंत भिक्खूसाठी सांगितली; तो ऐकीव तेच खरं धरून बसायचा. शास्ते म्हणाले, "सुदंता, तो पुरोहित तू होतास. चंपा म्हणजे दारातली ही लहानगी भिक्षुणी, ही सामणेरी, आणि गुरुजी मी." नीट पाहिल्यावाचून न मानणं, ही प्रज्ञा पारमिता, पूर्णत्वाला गेलेलं शहाणपण.

लेकुरवाळ्या बायांनो, हे शेजारणीला आजच सांगा. नाही तर पुढची दवंडी तिच्या पोराच्या नावाची असेल.