साबणाला कुलूप

रानाच्या कडेला एक उंबर. उंबराच्या ढोलीत दवाखाना. दवाखान्यात पाण्याचा माठ, आणि माठाशेजारी साबणाची वडी.

वडी झिजली. चपटी झाली. पानाएवढी पातळ झाली. आणि एका सकाळी संपलीच.

त्याच सकाळी चिंगळी आली. चिंगळी म्हणजे इवलीशी चिचुंद्री. तिच्या पाठीवर तिचा धाकटा भाऊ, गोटू. दवाखान्याच्या वाटेवर एक बाभूळ होती. तिचा काटा गोटूच्या पायात गेला होता. पाय टम्म सुजला होता.

तुरुतुरु, तुरुतुरु.

“सिस्टर, सिस्टर, गोटूला पट्टी करा.”

साळुंकी सिस्टर म्हणाल्या, “पंजे धुतल्याशिवाय मी जखमेला हात लावत नाही. साबण आण, मग पट्टी.”

“तशीच करा ना. कुणाला कळणार आहे?”

“तापाला कळतं, बाळ. मागच्या वेळी साबण संपला. सशाचा ताप खारीला गेला. खारीचा ताप लाव्याला गेला. लावा मग उडालाच नाही.”

गोटूला खाटेवर ठेवून चिंगळी निघाली घूसमावशीकडे. घूसमावशी कोठीच्या दाराशी बसायची. कोठीत दवाखान्याचं सगळं सामान.

तुरुतुरु, तुरुतुरु.

“मावशी, मावशी, साबण द्या.
गोटूच्या पायात काटा,
काट्याला हवी पट्टी,
पट्टीला हवा साबण.”

घूसमावशीने जांभई दिली. “साबण आहे गं. पण साबणाला कुलूप आहे. किल्ली आण, मग साबण.”

“किल्ली कुणाकडे?”

“कासवकाकांकडे. आणि दारात उभी राहू नकोस, उजेड अडतो.”

तुरुतुरु, तुरुतुरु.

“काका, काका, किल्ली द्या.
गोटूच्या पायात काटा,
काट्याला हवी पट्टी,
पट्टीला हवा साबण,
साबणाला हवी किल्ली.”

कासवकाकांनी मान बाहेर काढली. हळू. फार हळू. “किल्ली माझ्या पाठीखाली आहे. पण हुकूम नाही. हत्तीसाहेबांचा हुकूम आण, मग किल्ली.”

आणि मान आत घेतली. सुळुक.

चिंगळी दवाखान्यात डोकावली. गोटूचा पाय आणखी सुजला होता. अंग गरम झालं होतं. “ताई, पट्टी आली?” त्याने विचारलं.

“येतेय हं.”

तुरुतुरु, तुरुतुरु. आता पाय दुखत होते.

“साहेब, साहेब, हुकूम द्या.
गोटूच्या पायात काटा,
काट्याला हवी पट्टी,
पट्टीला हवा साबण,
साबणाला हवी किल्ली,
किल्लीला हवा हुकूम.”

हत्तीसाहेब दवाखान्याचे मोठे साहेब. ते ऊस खात होते. कडाड, कडाड. “साबण संपला? मला कुणी सांगितलं नाही.”

“मी सांगतेय ना.”

“तू कोण? सिस्टरने यावं. सिस्टरने मागावं. सिस्टरला आण, मग हुकूम.”

तुरुतुरु. तुरु... तुरु...

“सिस्टर, सिस्टर, साहेबांकडे चला.
गोटूच्या पायात काटा,
काट्याला हवी पट्टी,
पट्टीला हवा साबण,
साबणाला हवी किल्ली,
किल्लीला हवा हुकूम,
हुकमाला हव्या तुम्ही.”

सिस्टरांनी खाटांकडे पाहिलं. या खाटेवर पिल्लू, त्या खाटेवर पिल्लू. एक कण्हत होतं. एक पाणी मागत होतं. सिस्टर एकट्याच.

“मी गेले तर यांच्याजवळ कोण?”

कुणीच नव्हतं.

चिंगळी खाली बसली. आता कुठे जायचं? सगळीकडे जाऊन झालं होतं. ती गोटूच्या पायावर फुंकर घालत राहिली. फू, फू. पाय गरमच होता. “ताई,” गोटू म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही. झोपला. चिंगळी रडली. कुणी आलं नाही.

ऊस संपला. हत्तीसाहेब घरी निघाले. धप्प, धप्प. दवाखान्याच्या वाटेने. बाभळीखालून.

कच्च.

धप्प, आई गं. धप्प, आई गं. साहेब लंगडत दवाखान्याच्या दाराशी आले. “सिस्टर, पायात काटा गेला. पट्टी करा.”

“पंजे धुतल्याशिवाय मी जखमेला हात लावत नाही. साबण आणा, मग पट्टी.”

“मी साहेब आहे.”

“काट्याला ते ठाऊक नाही.”

साहेबांनी सोंड वर केली. पुपूऽऽऽ.

तो झाला हुकूम.
हुकमाने निघाली किल्ली,
किल्लीने उघडलं कुलूप. खट्ट.

कोठीत साबण होता. खालपासून वरपर्यंत साबण. वड्यांवर वड्या. त्यांच्यावर कोळ्याची जाळी. चिंगळी बघतच राहिली. तिने त्यातली एक वडी ओढली. फरफर, फरफर.

सिस्टरांनी पंजे धुतले. खळखळ, खसखस. बोटांच्या मधे. नखांच्या खाली.

साहेबांनी पाय पुढे केला.

“थांबा साहेब. गोटू सकाळपासून आहे.”

सिस्टरांनी गोटूचा काटा काढला. पट्टी बांधली. गोटूने डोळे उघडले. मग त्या पुन्हा माठाकडे गेल्या. खळखळ, खसखस.

“आत्ताच तर धुतलेत,” साहेब म्हणाले.

“ते गोटूसाठी. हे तुमच्यासाठी.”

साहेब बरे झाले. घरी गेले. घूसमावशीने कुलूप लावलं. खट्ट. कासवकाकांनी किल्ली पाठीखाली घेतली. सुळुक.

बाभूळ तिथेच होती. माठाशेजारची वडी झिजत होती.

गोटूचा पाय बरा झाला, तेव्हा वडी चपटी झाली होती. चिंगळीने ती पाहिली. अजून संपली नव्हती. चिंगळी उठली. मागून गोटू उठला.

तुरुतुरु, तुरुतुरु.

“मावशी, मावशी, साबण द्या.”