पाऊण पालखी

अखंडराजांनी आपल्या राज्यातून पाव, अर्धा आणि पाऊण या तिघांना हद्दपार केलं.

कारण तसं साधंच होतं. राजे एकदा शाळेवरून जात होते आणि आत मुलं पावकी म्हणत होती. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. हे काय चाललंय, असं राजांनी विचारलं. दिनकर पंतोजी स्वभावानं भाबडे. ते म्हणाले, "अपूर्णांक शिकवतोय, महाराज." झालं! आपल्या राज्यात अपूर्ण काही असतं हे राजांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. संध्याकाळी दवंडी पिटली गेली. यापुढे राज्यात सगळं पूर्ण.

लोकांनी फर्मान निमूट पाळलं. बाजारात हिंग शेराखाली मिळेना, म्हणून वैजूकाकूंनी शेरभर नेला. त्यांच्या घराकडे पाहुणे अजून फिरकलेले नाहीत. कुंभाराचं दीड वर्षाचं पोर सरकारी नियमानं एक वर्षाचं ठरलं. ते घरभर पळत होतं, पण त्याला इलाज नव्हता. पंतोजी तेवढे हट्टाला पेटले. दार लावून, खालच्या आवाजात त्यांनी पावकी चालूच ठेवली. पण पंधरा मुलांनी खालच्या आवाजात म्हटलेलं वेशीपर्यंत ऐकू येतं. शिपाई आले आणि पंतोजींना दरबारात घेऊन गेले.

दरबारात पंतोजींनी शिदोरीतली भाकरी काढली, तिचे चार सारखे तुकडे केले आणि त्यातला एक उचलून म्हणाले, "हा पाव, महाराज."

राजांनी बोटानं मोजलं. "एक, दोन, तीन, चार. हे चार तुकडे आहेत. तुम्ही चांगली भाकरी मोडलीत, एवढंच मला दिसतंय."

मग पंतोजींनी लिंबू चिरून दाखवलं, तांब्यातलं पाणी चार वाट्यांत ओतून दाखवलं. राजांना चिरलेलं लिंबू दिसलं आणि चार ओल्या वाट्या दिसल्या.

"मोडतोड कुणीही करील, पंतोजी," राजे म्हणाले. "काही न मोडता, न चिरता, न ओतता पाव दाखवा. आणि पाव आहे, असं माझ्या तोंडून वदवा. उद्या दुपारपर्यंत. नाही जमलं, तर शाळेत हत्ती बांधू आणि तुम्ही सीमेपलीकडे."

पंतोजी शाळेत परत आले आणि मुलांसमोर चक्क रडले. तीस वर्षं ज्या ओट्यावर बसून शिकवलं, तिथे आता हत्ती उभा राहणार होता. मुलांमध्ये येसू नावाची दहा वर्षांची मुलगी होती, राघू भोयाची लेक. राजांची पालखी वाहणाऱ्या चार भोयांपैकी राघू एक. पंचक्रोशीत मुलींना शिकवणारे हे एकच पंतोजी होते. ते गेले की आपली पाटी चुलीपुढे पडणार, हे येसूला पक्कं ठाऊक होतं.

घरी जाऊन ती बापाशी बराच वेळ बोलत बसली. राघू आधी नाही म्हणाला, मग मरायचंय का म्हणाला आणि शेवटी बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत किती हत्ती मावतील ते बघायला राजे पालखीतून निघाले. शाळेसमोर येसू रस्त्यात उभी राहिली.

"महाराज, पंतोजींच्या वतीनं पाव दाखवायला आलेय."

"दाखव. पण काही मोडायचं नाही."

"नाही मोडत," येसू म्हणाली आणि बापाकडे वळली. "आबा, या इकडे."

राघूनं दांड्याखालून खांदा काढला आणि लेकीशेजारी येऊन उभा राहिला. पालखी पुढून झुकली. लोड घसरला आणि लोडापाठोपाठ राजे घसरले.

"हा पाव, महाराज."

राजांनी राघूला नखशिखांत न्याहाळलं. "हा? दोन हात, दोन पाय, वर मिशी. हा तर अख्खा माणूस आहे!"

"माणूस अख्खाच आहे. पण चौघा भोयांचा पाव आहे."

"काही नाही. एक म्हणजे एक."

"बरं," येसू म्हणाली. "मग उरले ते भोई पूर्ण आहेत?"

"पूर्ण!" राजे म्हणाले. फर्मान त्यांचंच होतं, दुसरं काय म्हणणार!

"मग काहीच अडचण नाही. काका, चला पुढे."

तिघे भोई चालू लागले. पहिल्या पावलाला राजांची पगडी गेली. दुसऱ्या पावलाला मोजडी गेली. तिसऱ्या पावलाला राजांचे गुडघे हनुवटीला लागले आणि ते गोंड्याला लोंबकळू लागले.

"थांबा! तो पाव आधी जागेवर आणा!"

पंतोजींनी डोळेच मिटून घेतले. येसूनं इकडेतिकडे नीट शोधून पाहिलं.

"कोणता पाव, महाराज? तुमच्या राज्यात तर एकही नाही."

राजांना आपण काय बोलून बसलो ते आत्ता कळलं. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं आणि ते इतके हसले, की तिघा भोयांना पालखी खाली ठेवावी लागली. शाळा राहिली, पंतोजीही राहिले. तू स्वतःसाठी काय मागतेस, असं राजांनी येसूला विचारलं.

"शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या."

"अर्धीच का? पूर्ण घे."

"पूर्ण नको, महाराज. आज शाळा दिवसभर बंद राहिली, तर मग ‘सगळं पूर्ण’ हे तुमचंच म्हणणं खरं झालं की!"

राजे पुन्हा हसायला लागले. हसता हसताच त्यांनी राघूला हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं आणि शाळेला सव्वा मण जिलेबी पाठवायचा हुकूम सोडला.