आधी लंगडं कोकरू

मेंढरं माणसांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. एक मेंढपाळ कळपाला माळावर ठेवून नवं कुरण शोधायला निघाला. जाताना म्हणाला, “जागा बघतो आणि तुम्हाला न्यायला मीच येतो.”

बरेच दिवस गेले. गवत संपत आलं, तसा मेंढरांचा धीर सुटू लागला. एका संध्याकाळी टेकाडावर घोंगडी पांघरलेलं कुणीतरी दिसलं. “चला, कुरण सापडलं!” हाक हुबेहूब धन्याचीच होती. मेंढरं आनंदानं धावत सुटली.

म्हातारी मेंढी ढवळी मात्र कळपातल्या लंगड्या कोकराजवळच थांबली.

“आजे, चल की!” तरणी तांबडी ओरडली. “घोंगडी त्याची, हाक त्याची. अजून काय पाहिजे तुला?”

“मलाही भूक लागलीय पोरी. मलाही त्याची आठवण येते,” ढवळी म्हणाली. मग तिनं टेकाडाकडे बघून विचारलं, “धनी, या लंगड्याचं काय?”

“राहू दे त्याला! चालता येतंय त्यांनीच या!”

धावणारी मेंढरं जागीच थबकली. मुक्काम हलवताना त्यांचा धनी आधी लंगडं कोकरू खांद्यावर घ्यायचा आणि मगच हाक द्यायचा. सगळी माघारी पळाली. चिडलेल्या लांडग्याच्या अंगावरून चोरलेली घोंगडी घसरली.

तांबडी रडू लागली. “मी गेलेच होते गं, आजे.”

ढवळीनं तिला जवळ घेतलं. “वाट बघून थकली होतीस, बाळ.”

मग एका सकाळी माळावर कुणीतरी आलं. अंगावर घोंगडी नव्हती आणि त्यानं हाकही दिली नाही. तो आधी लंगड्या कोकरापाशी वाकला.

सगळा कळप उठून उभा राहिला.