खटक्याला गुंडाळलेला दोरा

एकदा एका पेठेत एक वृद्ध कारागीर बाई राहत होत्या. त्यांचा व्यवसाय जरा जगावेगळा होता. जुन्या काळच्या पावडरच्या डब्या, ज्यांच्या झाकणात इवलासा आरसा आणि तळाशी पावडर नि पफ असतो, त्या डब्या बाई दुरुस्त करत. बिजागरी बदलत, आरसा नवा बसवत, दगड झालेली पावडर खरवडून ताजी भरत. डबी पुन्हा वापरात गेली पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. "कपाटात मांडायची असेल तर माझ्याकडे आणू नका," असं त्या येणाऱ्याला तोंडावर सांगत. गिऱ्हाईक रागावून परत गेलं, तर जाऊ देत.

त्यांच्या दुकानाचा आणखी एक रिवाज होता. डबी जिची असेल तिच्याच हातात द्यायची, आणि तिने ती एकदा उघडून मिटून पाहिल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. प्रत्येकीच्या अंगठ्याचा जोर निराळा. झाकणाचा खटका त्या जोराला बेतून घासावा लागतो.

बाईंच्या हाताखाली एक तरुण शिष्या शिकत होती. हात हलका, नजर तयार, पण स्वभाव भित्रा. कुणी नाराज तर होणार नाही ना, या काळजीने ती अर्धी होत असे.

एके दिवशी एक व्यापारी पितळेची काळवंडलेली डबी घेऊन आला.

"आईच्या पंचाहत्तरीला हॉलमध्ये चौकट करून लावायचीय," तो म्हणाला. "बाहेरून लखलखीत करा आणि झाकणाला डाख देऊन कायमची बंद करून टाका."

"आई वापरत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"छे हो! बाबांनी तिच्यासाठी आणली होती. बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. त्यानंतर आईने तोंडाला पावडर लावलेली कुणी पाहिलेली नाही. काकांच्या घरात वाढलो आम्ही, तिथे विधवेने असलं काही केलेलं चालायचंच नाही. आणि आता या वयात कशाला? लोक हसतील."

माणूस वाईट नव्हता. आईवर त्याचा खराखुरा जीव होता. फक्त तिला काय हवं आहे हे विचारावं, असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. असल्या प्रेमाने किती बायकांची आयुष्यं गुदमरली असतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

"पुढच्या आठवड्यात आईंना घेऊन या. डबी त्यांच्याच हातात मिळेल," बाई एवढंच म्हणाल्या.

तो गेल्यावर शिष्येने डबी उघडली. खटक्याच्या दातावर कसलासा दोरा गुंडाळलेला होता, तेलकट आणि काळा पडलेला. कचरा समजून तिने तो चिमट्याने काढला आणि टोपलीत टाकणार, तोच बाईंनी तिचा हात धरला. त्यांनी तो दोरा भिंगाखाली पाहिला. मग आतली घट्ट झालेली पावडर सुरीच्या टोकाने हळूहळू खरवडली. एका रंगाखाली दुसरा रंग होता, त्याच्याखाली तिसरा.

मग त्यांनी जे केलं ते पाहून शिष्या चक्रावली. बाहेरच्या काळ्या पितळेला त्यांनी चिंचसुद्धा लावली नाही. आत मात्र नवा आरसा बसवला, मलमलीतून चाळलेली पावडर गुलाबपाण्याच्या थेंबांनी दाबून भरली. खटक्याला अशी कडक स्प्रिंग घातली की झाकण मिटताच 'टक्' असा आवाज व्हावा आणि समोरच्या चहावाल्याने मान वर करावी. शेवटी तो मळका दोरा गुंडाळून पावडरीवर ठेवला आणि वर पफ झाकला.

"बाई, हे काय केलंत?" शिष्या घाबरून म्हणाली. "त्यांनी बंद करायला सांगितली होती. तुम्ही तर ती बोलकी केलीत! आणि स्वच्छ पावडरीवर हा घाणेरडा दोरा?"

"अगं, दोरा काय आपोआप गुंडाळला जातो?" बाईंच्या आवाजात संताप होता. "डबी मिटली की आवाज होतो, आणि पलीकडच्या खोलीत दीर बसलेला असतो. म्हणून तिने खटक्याला दोरा बांधला. झिजला की पुन्हा बांधला. पावडर संपली की पुन्हा भरली, म्हणून तर आत रंगांचे थर. जिने पावडर लावलेली कुणी पाहिली नाही, तिने ती जन्मभर लावली आहे. चोरून! आणि चोरी कशाची, तर स्वतःच्याच चेहऱ्याची!"

"पण मग तिचं गुपित मुलासमोर उघडं पडेल."

"म्हणूनच दोरा ठेवलाय. तिला हवा असेल तर मी माझ्या हाताने परत बांधून देईन आणि कुणाला अवाक्षर सांगणार नाही. पण डबी मुकी ठेवायची की बोलकी, हे ती ठरवेल. तिचा मुलगा नाही, मी नाही, आणि तू तर नाहीच. वस्तू दुरुस्त करायची म्हणजे मालकिणीचा तिच्यावरचा हक्क शाबूत करून द्यायचा. चकाकी काय, कुणालाही आणता येते."

ठरल्या दिवशी व्यापारी आईला घेऊन आला. काळी डबी पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. आईने मात्र ती हातात घेतली, अंगठ्याने उघडली आणि पफ उचलला. तिथेच तिचा हात थांबला. तिने दोऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हवा असेल तर बांधून देते," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

आईने दोरा उचलून मुठीत धरला. मग आरशात पाहिलं, अगदी निवांत. गालांवरून, कपाळावरून, हनुवटीवरून पफ फिरवला आणि झाकण मिटलं. टक्! चहावाल्याकडची माणसं वळून बघू लागली.

"आई, हळू!" मुलगा ओशाळून म्हणाला. "लोक बघतायत."

"हळूच करत आले रे आजवर. आधी तुझे काका ऐकतील म्हणून, मग तू ऐकशील म्हणून." तिने डबी पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. टक्! "आता ऐका सगळे."

मग तिने मूठ उघडून तो काळा दोरा मुलाच्या तळहातावर ठेवला. "भिंतीवर काही लावायचंच असेल ना, तर हा लाव. कुणी विचारलं तर सांग, आईचा आहे म्हणून."

डबी पर्समध्ये टाकून ती पुढे चालू लागली. मुलाने तो दोरा बोटाभोवती गुंडाळला. मग तो खिशात नीट ठेवून आईच्या मागोमाग निघाला.

दुपारी आणखी एक गृहस्थ एक चांदीची डबी घेऊन आले. "बाहेरून तेवढी चमकवा," ते घाईने म्हणाले. बाई काही बोलायच्या आतच शिष्येने मान वर केली आणि त्या गृहस्थांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "डबी कुणाची आहे?"